बडोद्यात मानसतज्ज्ञ शोधताना

या पानावर आम्ही एरवी केळीवरचा करपा, नारळावरचा गेंड्या भुंगा, पावसाळ्यातील जुलाब आणि गरोदर बायकांच्या अंगातील रक्त अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या घरांतून आम्हांला एकच प्रश्न विचारण्यात आला, आणि तो विचारताना प्रत्येकाने आवाज खाली केला. "मुलगा बडोद्याला असतो. त्याला मानसतज्ज्ञाकडे न्यायला सांगितले आहे. न्यायचे कोणाकडे?"

वसई, पालघर, डहाणू, तलासरी या पट्ट्यातील आपल्या लोकांना बडोदे परके नाही. मुंबईहून लोहमार्गाने ते सुमारे ३९० किलोमीटरवर आहे आणि गाडी थेट जाते. कोणाचा मुलगा कोयलीच्या रिफायनरीच्या बाजूला कंत्राटदाराकडे फिटर असतो, कोणाची मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकते, कोणी इस्पितळात परिचारिका असते. १९७४ साली शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले. पण आपल्या तोंडी बडोदेच बसले आहे, म्हणून येथेही आम्ही तेच वापरतो.

दुखणे बहुधा हळूच सुरू होते. पूर्वी अर्धा तास बोलणारा मुलगा फोनवर "बरा आहे" एवढेच बोलून ठेवून देतो. सुट्टीला घरी आला तरी वाडीत पाय ठेवत नाही. रात्रभर जागा, दिवसा अंथरुणात. मग कळते की कामावर त्याच्या रजा मांडल्या जात आहेत, किंवा मुलगी परीक्षेला बसलीच नाही. आई म्हणते दृष्ट लागली, वडील म्हणतात आळस, आणि शेजारचे काका सांगतात की लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. लग्नाने न्यूमोनिया बरा झाल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही. मनाच्या आजाराच्या बाबतीत मात्र हा सल्ला अजून सर्रास दिला जातो, आणि त्यापायी दुसऱ्या घरची एक मुलगी विनाकारण संकटात पडते.

असे घर गावात आपलेच एक, असे प्रत्येकाला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यांत गुजरातही होते. त्या वेळी प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, म्हणजे दहांत एक. आजाराच्या प्रकारानुसार त्यांतील ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. ज्यांना उपचार मिळत नाहीत ते सगळेच काही आडरानात राहणारे नसतात. मोठ्या शहरात राहून, रोज दहा दवाखान्यांवरून जाऊनही माणूस उपचाराविना राहतो, कारण कोणत्या दारात शिरायचे हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून आधी दारे ओळखू या. पाट्यांवर तीन-चार तऱ्हेची नावे दिसतात आणि लोक ती सगळी एकच समजतात. पहिला मनोविकारतज्ज्ञ, ज्याला इंग्रजीत सायकियाट्रिस्ट म्हणतात. हा एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो आणि त्यानंतर त्याने या विषयात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले असते. तो औषधे लिहून देऊ शकतो आणि गरज पडल्यास इस्पितळात दाखलही करू शकतो. दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे आजारी माणसांवर उपचार करण्याचे शिक्षण घेतलेला मानसतज्ज्ञ. हा बोलण्यातून, ठरावीक पद्धतीच्या सरावातून आणि काही चाचण्यांतून काम करतो. औषध देत नाही. तिसरा समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर. यांत फार चांगली, मन लावून काम करणारी माणसे आहेत, आणि सहा महिन्यांचा वर्ग करून पाटी लावलेलेही आहेत.

यात आणखी एक गोंधळ आहे. मानसशास्त्रात पीएच.डी. केलेल्याच्या नावामागेही 'डॉ.' लागते. ते योग्यच आहे, त्यांनी ती पदवी कष्टाने मिळवलेली असते. परंतु मराठीत 'डॉक्टर' म्हटले की आपल्याला गोळ्या देणारा आठवतो. पीएच.डी. झालेला प्राध्यापक रुग्णावर उपचार करण्यास शिकलेला असेलच असे नाही. म्हणून 'डॉ.' या दोन अक्षरांवर जाऊ नये.

मग जावे कशावर? याचे उत्तर कायद्यातच आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. संसदेने १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. या परिषदेला लोक इंग्रजी आद्याक्षरांवरून आर.सी.आय. म्हणतात. देशातील क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत व्हावी लागते, आणि नोंद झाली की त्याला क्रमांक मिळतो. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे; त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणास म्हणावे हे सांगताना याच परिषदेच्या मान्यतेचा आधार घेतला आहे. नोंद कायमची नसते. ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते आणि मधल्या काळात नवे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. म्हणून प्रमाणपत्रावर क्रमांकाबरोबर मुदतीची तारीखही पाहावी.

आपल्यापैकी ज्यांनी भाताचे बियाणे विकत आणले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पिशवीवर निळी खूणचिठ्ठी असली की बियाणे प्रमाणित, म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेच्या माणसाने शेतात जाऊन पीक पाहिले आहे आणि प्रयोगशाळेत उगवण तपासली आहे. पांढरी चिठ्ठी असली की पायाभूत बियाणे. सत्यप्रत बियाण्याच्या पिशवीवर मात्र विकणाऱ्या कंपनीचाच शब्द असतो. तेही चांगले निघते, अनेकदा निघते, पण हमी कंपनीची. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी शहाणा शेतकरी पिशवी उलटून चिठ्ठी बघतोच, आणि दुकानदाराला त्यात अपमान वाटत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र आपण चिठ्ठी न बघता पिशवी उचलतो, कारण विचारायला संकोच वाटतो. "एवढ्या शिकलेल्या बाईंना नंबर कसा विचारायचा?" असे आम्हांला एकाने विचारले. उत्तर असे की शिकलेल्या बाईंना हा प्रश्न नवा नसतो. ज्यांची नोंद आहे त्या क्रमांक सरळ सांगतात. पुष्कळांच्या चिठ्ठीवर तो छापलेलाच असतो. जे रागावतात किंवा विषय बदलतात त्यांच्याकडे जाण्याचे कारण उरत नाही.

क्रमांक मिळाल्यावर तो परिषदेच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत पडताळून पाहता येतो. हे काम घरातील कॉलेजात जाणारी पोर पाच मिनिटांत करील. मनोविकारतज्ज्ञाची नोंद वेगळ्या ठिकाणी असते. तो डॉक्टर असल्याने त्याचे नाव राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे, म्हणजे बडोद्याच्या बाबतीत बहुधा गुजरात मेडिकल कौन्सिलकडे, पाहावे. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञ यांनाही नोंदणीखाली आणण्याची तरतूद २०२१ च्या एका केंद्रीय कायद्याने केली आहे. समुपदेशकाकडे जायचे असल्यास त्याचे शिक्षण कोठे झाले, किती वर्षांचे झाले आणि त्याच्या कामावर देखरेख कोणाची असते हे विचारावे.

पदव्यांची नावे मात्र पाठ करीत बसू नये. आजवर या क्षेत्रात दोन वर्षांची पूर्ण वेळाची एम.फिल. ही मुख्य पदवी होती. आता देशभर एम.फिल. बंद करण्याचे धोरण आले आहे आणि तिच्या जागी दुसरे अभ्यासक्रम येत आहेत. नावे अशीच बदलत राहतील. क्रमांक पाहिला की झाले.

आता बडोद्याकडे वळू. ज्याला खाजगी फी परवडत नाही, किंवा ज्याला कोठून सुरुवात करावी तेच कळत नाही, त्याने सरकारी दारापासून सुरुवात करावी असे आमचे मत आहे. बडोद्यात अशी दोन ठिकाणे आहेत. एक सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल. तेथील लोक त्याला एस.एस.जी. म्हणतात आणि कोणताही रिक्षावाला तेथे नेऊन सोडतो. हे १९४९ साली सुरू झालेल्या बडोदे मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे आणि तेथे मनोविकार विभाग आहे. दुसरे कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय. गुजरातमध्ये अशी मोठी सरकारी रुग्णालये चार: अहमदाबाद, बडोदे, जामनगर आणि भुज.

कारेलीबागेचे नाव काढले की बडोद्याच्या लोकांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते आपल्याकडे ठाण्याचे नाव काढल्यावर येतात. 'ठाण्याला पाठवावे लागेल' ही आपल्या भाषेतील शिवीच होऊन बसली आहे. या भीतीपायी अनेक घरे महिने घालवतात. म्हणून स्पष्ट सांगतो: अशा रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग असतो. माणूस सकाळी केसपेपर काढतो, तपासून घेतो, गोळ्या किंवा पुढची तारीख घेतो आणि घरी जातो. आलेल्या प्रत्येकाला ठेवून घेत नाहीत. दाखल करण्याचे नियम २०१७ च्या कायद्याने बरेच कडक केले आहेत. कोणी नातेवाईक आणून सोडतो आणि दार बंद होते, असा तो काळ राहिलेला नाही. त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास बंदी केली आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, सरकारी रुग्णालयात मानसिक आजाराचे उपचार फुकट मिळण्याचा हक्कही त्याने दिला आहे.

सरकारी ठिकाणी गर्दी असते आणि थांबावे लागते, हे खरे. डॉक्टर पाच-दहा मिनिटांत बोलून मोकळे होतात, अशी तक्रार आम्ही ऐकतो. यावर एक उपाय आहे. पहिल्याच भेटीत विचारावे: "याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवण्याची गरज आहे का? ते येथे कोणत्या वारी बसतात?" अशी जागा मंजूर असूनही रिकामी असू शकते. तसे असेल तर त्याच डॉक्टरांना बाहेरचे नोंदणीकृत नाव विचारावे. पाटी पाहून शोधण्यापेक्षा ही वाट पुष्कळ सुरक्षित, कारण रोज याच आजाराचे रुग्ण पाहणाऱ्याला शहरात कोण कसे काम करते हे माहीत असते.

तिसरे ठिकाण विद्यापीठ. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र यांची मिळून एक विद्याशाखा आहे. तेथील मानसशास्त्र विभागात शिकवणारी माणसे उपचार करतीलच असे नाही, पण योग्य माणसाचे नाव ती सांगू शकतात. तुमची मुलगी विद्यार्थिनी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एका निकालात सांगितले आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक तरी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. तेव्हा कॉलेजात जाऊन "तुमच्याकडे कोण आहे?" असे विचारण्यात काहीच गैर नाही. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनाही विचारावे.

उरली खाजगी वाट. अलकापुरीसारख्या भागात दवाखान्यांची रांग आहे, आणि त्यांत नोंदणीकृत मानसतज्ज्ञही आहेत. आधी फोन करावा. बडोद्यात फोन उचलणारी मुलगी गुजरातीत बोलेल. तिला 'बेन' म्हटले की पुढचे हिंदी-मराठीत निभावते. आम्ही पालकांना कागदावर लिहून देतो ते साधारण असे: "नमस्कार बेन. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, बडोद्याला नोकरी करतो. तीन महिने झाले, झोप नाही, कामावर जात नाही. मॅडमांचा आर.सी.आय. नंबर काय? त्या मराठी किंवा हिंदी बोलतात का? एका भेटीची फी किती, आणि भेट किती वेळाची असते?" एवढे चार प्रश्न. रोगाची सगळी कहाणी फोनवर सांगू नये. ती बेनसाठी नसते.

भाषेच्या प्रश्नावर थोडे थांबणे जरूर आहे. हाड मोडले तर डॉक्टरांची भाषा कोणतीही चालते. मनाचे दुखणे बोलूनच दाखवावे लागते, आणि "आतून पोकळ वाटते", "जीव लागत नाही", "छातीत धस्स होते" हे परक्या भाषेत सांगताना निम्मे गळून जाते. बडोद्याची यात एक सोय आहे. गायकवाडांच्या राजवटीपासून तेथे मराठी वस्ती आहे. सयाजीराव महाराजांनी १८७५ ते १९३९ असे चौसष्ट वर्षे राज्य केले आणि त्या काळात शेकडो मराठी कुटुंबे कारकुनी, शिक्षकी, वैद्यकी करीत तेथे राहिली. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या भागांत आजही मराठी ऐकू येते. त्यामुळे मराठी जाणणारा डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ बडोद्यात मिळणे अशक्य नाही. विचारावे मात्र लागते. आणि विचारण्यापूर्वी मुलालाच विचारावे. आजची पोरे पुष्कळदा आपल्याशी मराठीत आणि मित्रांशी हिंदीत बोलतात, आणि मनातले हिंदीत सांगणे त्यांना सोपे जाते. मुलगी असेल तर बाईंकडेच जायचे आहे का हेही तिलाच ठरवू द्यावे.

मराठी माणूस बडोद्यात जुळलाच नाही तर पुण्या-मुंबईच्या एखाद्या नोंदणीकृत मानसतज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलता येते. परिषदेची नोंदवही केंद्रीय असल्यामुळे पडताळणी तीच. मात्र मुलाला बोलताना एकांत हवा. एका खोलीत चार जण राहत असतील तर हा उपाय लंगडा पडतो. खोलीतले सोबती असताना कोण काय बोलणार?

पहिल्या भेटीत काय होते, याची पालकांना फार उत्सुकता असते आणि थोडी भीतीही. बहुतेक वेळ विचारपूस चालते: झोप, भूक, काम, घर, लहानपण, आजारपणे, दारू-तंबाखू. साधारण पाऊण तास ते एक तास. पुढच्या भेटी बहुधा आठवड्याने होतात. उदासी, घबराट, तेच तेच विचार आणि पुन्हा पुन्हा हात धुणे, यांसाठी ठरलेल्या पद्धती आहेत. रुग्णाला घरी करायचा अभ्यासही दिला जातो. एका भेटीत फरक पडावा ही अपेक्षा ठेवू नये. किती भेटी लागतील असा अंदाज दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारावा, आणि त्याप्रमाणे पैशांची सोय करावी. आरोग्य विमा असेल तर त्याची कागदपत्रे काढून पाहावीत. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच धरावे असे २०१७ च्या कायद्यात म्हटले आहे; बाहेरून घेतलेल्या उपचारांचे पैसे मिळतात की दाखल झाल्यावरच, हे ज्याच्या त्याच्या पॉलिसीवर असते.

पालकांना खटकणारी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. मुलगा सज्ञान असेल तर आत काय बोलणे झाले हे मानसतज्ज्ञ तुम्हांला सांगणार नाही. फी तुम्ही दिली असली तरी नाही. गुप्तता हा कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे, आणि जिवाला धोका असण्यासारखे थोडे अपवाद सोडल्यास तो पाळावाच लागतो. उलट, जो मानसतज्ज्ञ मुलाचे सगळे बोलणे आईबापांपुढे मांडतो त्याच्यापासून सावध राहावे. गोळ्या विकणारा किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करा म्हणणारा, "पाच बैठकांत हमखास" असे छापणारा, सगळ्या भेटींचे पैसे आगाऊ मागणारा, यांच्यापासूनही. गोळ्या कमी-जास्त करणे हे ज्याने त्या दिल्या त्याचे काम.

सर्वांनाच आधी मानसतज्ज्ञाकडे न्यावे असेही नाही. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून एकदा रक्त तपासून घ्यावे, कारण थायरॉइड बिघडले किंवा बी-१२ कमी पडले तरी माणूस सुस्त आणि उदास होतो. वाडीत फवारणी केल्यावर त्याच दिवशी डोके दुखणे, घाम, लाळ, अंधुक दिसणे, हात थरथरणे ही विषबाधेची लक्षणे होत. त्याला मनाचा आजार समजून घरी बसू नये, तडक इस्पितळ गाठावे. कानांत आवाज येतात, कोणीतरी पाळतीवर आहे असे वाटते, चार-चार रात्री झोप नाही आणि तरी बडबड थांबत नाही, किंवा रोजची दारू एकदम बंद झाल्याने थरथर आणि भ्रम सुरू झाला आहे, असे असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ. बोलण्याचा उपचार नंतर.

आणि मुलगा "जगून काय करू" अशा अर्थाचे बोलू लागला तर नोंदवही, फी, भाषा हे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी हालचाल करावी. त्याला सरळ विचारावे, "जिवाचे बरेवाईट करण्याचे मनात येते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे; विचारल्यावर बहुतेकांना हलके वाटते. त्याला एकटे ठेवू नये. बडोद्यात असेल तर मित्राला, घरमालकाला, तेथील चर्चच्या फादरांना फोन करून त्याच्याजवळ बसवावे आणि पहिली गाडी पकडावी. १०८ ला फोन केल्यास रुग्णवाहिका येते, गुजरातेतही आणि आपल्याकडेही. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही फोनसेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, आणि मराठी व गुजराती दोन्हींत बोलता येते. हा फोन आईबापांनीही करावा. मुलानेच केला पाहिजे असे नाही. तो घरी असेल तर शेतीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याच्या घरी द्यावी. पोलिसांच्या भीतीने इस्पितळात नेण्यास कोणी कचरू नये. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानून त्याला शिक्षा करू नये, उलट सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे २०१७ च्या कायद्यात म्हटले आहे.

आमच्या लोकांत बुवा, भगत, उतारे यांचीही एक वाट आहे, आणि पुष्कळ घरे आधी त्या वाटेने जाऊन मग आमच्याकडे येतात. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. तमिळनाडूतील एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी काय झाले ते मात्र सांगावे लागते. तेथे दर्ग्याच्या आधाराने चालणाऱ्या एका आश्रयस्थानात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवत. आग लागली तेव्हा त्यांना पळता आले नाही आणि २८ जण गेले. त्यांना तेथे सोडणारे नातेवाईक दुष्ट नव्हते. त्यांना दुसरे दार माहीत नव्हते. याच्या उलट उदाहरण गुजरातेतलेच आहे. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. तेथे २००८ पासून 'दवा-दुवा' या नावाने असे काम चालू झाले की दर्ग्याचे मुजावर दुवा देतात आणि त्याच आवारात बसलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडे रुग्णाला स्वतःहून पाठवतात. आपल्याकडेही कोणी फादरांकडे प्रार्थनेसाठी मुलाला घेऊन आला तर फादरांनी प्रार्थना करावी आणि हातात १४४१६ हा क्रमांकही द्यावा, एवढी विनंती आम्ही करून ठेवली आहे.

जाताना बरोबर काय न्यावे? आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट तारीखवार लावून. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी. मुलाचे आधार कार्ड. एका कागदावर आईने लिहिलेले टिपण: केव्हापासून, काय काय बदलले, घराण्यात कोणाला असे झाले होते का. ही शेवटची गोष्ट लोक लपवतात, लपवू नये. सोबत एकच जण जावा, फार तर दोघे. आत्या, मामा आणि शेजारी मिळून सात जण गेल्यास मुलगा दारातूनच परत फिरेल. पहिल्या भेटीला आत आधी त्याला एकट्याला जाऊ द्यावे, बोलावल्यावर आपण जावे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात नंबर लवकर लागावा म्हणून आदल्या संध्याकाळची गाडी बरी, आणि परतीचे तिकीट त्याच दिवशीचे काढू नये; दुसऱ्या दिवशी पुन्हा या, असे तेथे पुष्कळदा सांगतात.